आईचं घरात बसणं

दुपारी अचानक घरी आलो, तर आई बाथरूममध्ये परकर धूत होती. मला पाहताच तिनं तो घाईनं बादलीत दडपला.

दोन वर्षं ती कुठल्या लग्नाकार्याला आली नव्हती. मी तिला चारचौघांत 'माणूसघाणी' म्हणायचो.

"शौचाला लागली की आवरतच नाही रे," ती खाली बघत म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "अवघड बाळंतपणात स्नायू दुखावले, की उतारवयात असं होऊ शकतं. व्यायामानं, औषधांनी बराच फरक पडतो. आधी का नाही आलात?"

मी आईचा एकुलता एक मुलगा; ते बाळंतपण माझंच.

आता तिला पुष्कळ बरं आहे. "मी सांगितलंच नव्हतं, तुला कसं कळणार?" असं म्हणून माझीच समजूत घालते. पण मी तरी कुठं विचारलं होतं? नुसता बोलत होतो.