सात दहाची झाडलोट

सकाळपासून भणाणतं वारं सुटलं होतं. गच्चीतल्या दोरीवरची चादर शिडासारखी फुगत होती आणि ताई दातांत चिमटे धरून तिच्याशी झोंबत होती. कपडे वाळत घालणं हे एरवी तिच्या नवऱ्याचं काम. आज तिने उठल्या उठल्या त्याच्या हातातली बादली हिसकावून घेतली होती. हात मोकळे राहिले तर ते कुठे जातील, याचा तिला भरवसा नव्हता.

कारण ऑफिसच्या लेखी ताई आज हयात नव्हती. सकाळी सहापासून संध्याकाळी पाचपर्यंत.

ताईची कंपनी लोकांचे फोटो सांभाळायची. पोराच्या पहिल्या दातापासून आजोबांच्या शेवटच्या वाढदिवसापर्यंत, कोट्यवधी माणसांचे. फोटो हरवता कामा नये, मागितला की डोळ्यांची पापणी लवायच्या आत दिसला पाहिजे, एक सर्व्हर आडवा झाला तर शेजारच्याने हूं की चूं न करता त्याचं ओझं उचललं पाहिजे. हा सगळा डोलारा उभा करणाऱ्या चौघा-पाचांतली ती एक, आणि त्यांतली अजून टिकून असलेली ती एकटीच.

डोलारा पक्का आहे का, हे बघायची त्यांची जुनी रीत होती. भरदिवसा, सगळे जागेवर असताना, मुद्दाम एखाद्या सर्व्हरची वायर उपसायची आणि गाडा चालतोय का ते पाहायचं. गेल्या महिन्यात मास्तर तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. तो त्यांच्या गटाचा प्रमुख. वयाने तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण ऊठसूट फळ्यावर खडू ओढून ‘का?’ विचारायची खोड, म्हणून मास्तर.

“ताई, सगळ्या वायरी उपसून झाल्या. एकच राहिलीय.”

“कुठली रे?”

“तुम्ही.”

ताई हसली होती. आजपासून बारा दिवसांनी लेकीची तारीख होती. पहिलंच बाळंतपण. ताईला दीड महिना तिच्याकडे जायचं होतं, रजा मंजूरही होती. आडवी येत होती ती ताईच. “लॅपटॉप घेऊन येते गं, अधेमधे नुसतं बघेन,” असं ती म्हणाली, तर लेकीने फोनवर सरळ सांगितलं, “आई, लॅपटॉप येणार असेल तर तू येऊ नकोस. दोघांना सांभाळायची ताकद नाही माझ्यात.”

म्हणून ही तालीम. ताईवाचून एक दिवस निभला, तर लॅपटॉप ऑफिसच्या कपाटात राहणार आणि ताई एकटी गाडीत बसणार. नाही निभला, तर लेकीला काय तोंड दाखवायचं, हे ताईला ठाऊक नव्हतं.

लॅपटॉप कालच कपाटात गेला होता. फोन नवऱ्याच्या खिशात होता, बंद. नवरा चष्मेवाला, कोपऱ्यावर त्याचं चष्म्यांचं दुकान. आज त्याने खास पहाऱ्यासाठी दुकानाला कुलूप घातलं होतं.

“कैदी बरा आहे ना?” स्वयंपाकघरात डोकावत तो म्हणाला.

“वाटाणे सोलतोय कैदी,” ताईने टोपली पुढे ओढली. “तुम्हीही बसा. फुकट पहारा नको.”

साडेदहाच्या सुमारास चष्मेवाल्याचा स्वतःचा फोन वाजला. लेकीने बापाला फोटो पाठवला होता, ताईच्याच कंपनीच्या साइटवरून. खाली लिहिलं होतं, ‘तुमच्या जावयाने पाळणा जोडलाय. तिरका आलाय की माझीच मान तिरकी आहे, ते सांगा.’

चष्मेवाल्याने फोन लांब धरला, जवळ घेतला, पुन्हा लांब धरला. “अगं, पाळणा कुठाय यात? नुसतं राखाडी खोकं दिसतंय.”

ताईच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिने मान लांबवून पाहिलं.

हे राखाडी खोकं तिच्या चांगल्या ओळखीचं होतं. वर चढवलेला प्रत्येक फोटो आधी एका रांगेत उभा राहतो. तिथे त्याच्या लहान-मोठ्या प्रती निघतात आणि मग तो दिसतो. कधीमधी एखादा मोडका, अर्धवट फोटो येतो. त्याची प्रत काही निघत नाही आणि तो दारातच ठाण मांडून बसतो. मागचे खोळंबतात. असे दहा-वीस जमले की रांगच तुंबते. ताई काय करायची, सकाळचा चहा घेता घेता एक कमांड मारून असल्या मोडक्यांना बाहेर हाकलायची. रोज. अंगणात झाडू मारावा तसं. झाडू मारल्याचं कुणी कुठे लिहून ठेवतं का? तिने दीडशे पानांच्या सूचना लिहिल्या होत्या, भूकंप झाला तर काय करायचं हेही त्यात होतं. हे तेवढं नव्हतं.

“अहो, फोन द्या माझा.”

“नाही.”

“एक ओळ कळवायचीय. एकच.”

“गेलेली माणसं फोन मागत नाहीत.”

“गंमत पुरे! तिकडे पोरं तोंडाला फेस येईतो धावत असतील आणि मी इथे वाटाणे सोलतेय.”

चष्मेवाल्याने खिशावर हात ठेवला. ताई उठली, चपला पायांत सरकवल्या. शेजारणीकडे फोन होता. मास्तरचा नंबर तोंडपाठ होता. दाराच्या कडीला हात घालून ती उभी राहिली. एक ओळ कळवली असती तर रांग मोकळी झाली असती, पाळणा दिसला असता, आणि बारा दिवसांनी लॅपटॉप तिच्या मांडीवर बसून लेकीच्या घरी गेला असता.

तिने चपला काढल्या. टोपलीशी येऊन बसली आणि वाटाण्यांवर राग काढायला लागली. शेंग अशी फोडायची की दाणे भिंतीवर जाऊन आपटत. चष्मेवाला ते गुपचूप वेचत होता.

पाऊण वाजता त्याने फोन पुढे केला. पाळणा दिसत होता. चांगलाच तिरका होता.

“आला की!” तो म्हणाला.

“आला,” ताई म्हणाली. “पण कसा आला?”

हा भुंगा पाच वाजेपर्यंत डोकं पोखरत राहिला. ठोक्याला तिचा फोन चालू केला, तर तो हातातच वाजला. तिने स्पीकर लावला. पलीकडे मास्तर, मागे गटाचा गलका.

“ताई, जिवंत झालात?”

“रांग तुंबली होती ना? मोडके फोटो. माझंच चुकलं, लिहायचं राहिलं...”

“थांबा, थांबा. साडेदहाला रांग तुंबल्याची घंटा वाजली. ही घंटा सहा वर्षांत कधी वाजलीच नव्हती. आम्हाला वाटलं घंटाच बिघडली. मग जुन्या नोंदी उपसल्या. तर काय, रोज सकाळी सात दहाला कुणीतरी येऊन झाडलोट करून जातंय! रविवार नाही, आजारपण नाही. पोरं म्हणाली, भूतबित आहे.”

ताईने उगाच पदर सारखा केला.

“पण एक दिवस भुताला उशीर झालाय. सात चोवीस. तारीख वाचून दाखवू?”

त्याने तारीख वाचली. चष्मेवाल्याने चष्मा कपाळावर चढवला आणि बायकोकडे पाहत राहिला.

“लेकीच्या लग्नाच्या दिवशी?”

“साडीच्या निऱ्या नीट बसत नव्हत्या हो,” ताई पुटपुटली, “म्हणून उशीर झाला.”

पलीकडे हशा पिकला. चष्मेवालाही खो खो हसत सुटला, त्याच्या मांडीवरचे वाटाणे घरंगळले.

“आता ऐका,” मास्तर म्हणाला. “झाडू फेकून दिलाय आम्ही. तीनदा प्रत निघाली नाही की फोटो आपोआप बाजूच्या डब्यात जाऊन पडतो. रांग पुढे चालते. वीस ओळींचं काम.”

वीस ओळी. ताईला क्षणभर कुणी चिमटा काढावा तसं झालं. सहा वर्षं ती म्हणत होती, सवड मिळाली की करू. रोजचा झाडू हातात होता, म्हणून सवड कधी लागलीच नव्हती. मग तो चिमटा हळूहळू सैल झाला, आणि सुटलेल्या जागी गार वारा लागावा तसं तिला बरं वाटायला लागलं.

“तुझ्या ‘का?’ने खाल्लं शेवटी मला,” ती म्हणाली. “कपाटाची किल्ली?”

“माझ्या खिशात. दीड महिना. मागितलीत तर हरवली म्हणून सांगेन.”

तिने फोन ठेवला आणि लगेच लेकीला लावला. “मी येतेय. एकटीच.”

“खरंच? शपथ?”

“शपथ. आणि जावईबापूंना सांग, पाळण्याचा डावा पाय उलटा बसवलाय. मी येईपर्यंत कुणी हात लावू नका.”

“आलीस की लगेच दुरुस्त्या!” लेक म्हणाली, पण हसत होती.

ताई अजून फोनवरच होती, तेवढ्यात चष्मेवाला गच्चीतून ओरडला, “अगं, चादर खालच्यांच्या पत्र्यावर! चिमटे किती लावले होतेस?”

“चार!”

“दोन तर इथे बादलीतच आहेत.”

ताईने लेकीला “ठेवते गं” म्हटलं, चपला पायांत अडकवल्या आणि चादर आणायला जिना उतरायला लागली.