लेस्टरच्या मक्याचा वास

उत्तरा वझलवार दारू पीत नाही, थुंकते. प्याला नाकाशी नेते, घोट तोंडात घोळवते, डोळे मिटून काहीतरी शोधते आणि शेजारच्या बादलीत टाकून देते. हीच तिची नोकरी.

मिशिगनमधल्या ॲन आर्बरहून पश्चिमेला, शेतांमधून जाणाऱ्या रस्त्यावर ग्रेटा नावाच्या साठीच्या बाईंची एक छोटी भट्टी आहे. तिथं बर्बन, म्हणजे मक्याची अमेरिकन व्हिस्की, बनते. विद्यापीठात बियाण्यांवर पीएचडी केल्यावर उत्तराच्या बरोबरीच्यांनी मोठ्या कंपन्यांसाठी सांता क्लारा नाहीतर अर्विंग गाठलं. ही सरळ भट्टीत शिरली. अकोल्याला सासूबाईंच्या कानावर मात्र "धान्यप्रक्रिया उद्योग" एवढंच घातलं होतं.

"म्हणजे करता काय गं नक्की?" त्यांनी एकदा फोनवर विचारलं.

"मका दळतो, शिजवतो, आंबवतो."

"आणि मग?"

"मग... उकळतो."

"अगंबाई, आंबीलच की!"

शेजारी बसलेला नवरा सत्यजित उशीत तोंड खुपसून हसत होता. उत्तरानं घाईनं अकोल्याच्या हवेची चौकशी केली.

भट्टीत पहिल्या दिवशीच ग्रेटानं तिला मंत्र दिला होता : बर्बन म्हणजे निम्म्याहून जास्त मका आणि आतून जाळलेलं ओकच्या लाकडाचं कोरं पिंप. रंग पिंपाचा, गोडवा पिंपाचा, मान पिंपाचा.

"आणि पिंपात जायच्या आधी?" उत्तरानं विचारलं. "तेव्हा काय ती मुकी असते?"

"तेव्हा ती नुसती मक्याची दारू असते."

"कुठल्या मक्याची?"

ग्रेटानं चष्म्यावरून पाहिलं. "मक्याच्या मक्याची!"

हे काही उत्तराला पटेना. ती अशा घरातली, की भाकरीचा पहिला घास घेऊन वडील म्हणायचे, "ही आपल्या नेहमीच्या गावची ज्वारी नाही." आई म्हणायची, "गपचूप जेवा." पण दुकानदाराला विचारलं की वडीलच खरे निघायचे. ज्वारीला गाव असतं, तर मक्याला का नसावं?

भट्टीला तीन शेतकरी मका द्यायचे. बियाणं तिघांचं एकच, जमिनी मात्र तीन तऱ्हेच्या. एकाची रेताड, एकाची नदीकाठची आणि लेस्टरची चिकण, एकदा पाणी धरलं की सोडायचं नाव न घेणारी. लेस्टर सत्तरीचा. उत्तरा त्याला समोर लेस्टर म्हणायची आणि घरी लेस्टरकाका. त्याचा मका उशिरा पिकायचा आणि कमी यायचा. त्या हिवाळ्यात ग्रेटानं सांगून टाकलं, की पुढच्या हंगामापासून लेस्टर बंद.

"मग मी जमीन सोलरवाल्यांना देतो," लेस्टर म्हणाला. "त्यांना मातीशी काही घेणंदेणं नाही. त्यांचं काम उन्हाशी."

उत्तरा मध्ये पडली. "ग्रेटा, तिघांचा मका वेगवेगळा गाळून बघू दे. लेस्टरचा खरंच वेगळा निघाला तर?"

"नाकानं ओळखता आला पाहिजे. आकडेमोड नको मला."

"ओळखता आला तर?"

"तर त्याचं स्वतंत्र पिंप भरते. दरवर्षी. आणि नाही आला, तर तू हा विषय परत काढायचा नाहीस."

नमुने गाळायला काचेची छोटी भट्टी होती, पण नमुने दळायची चक्की नेमकी बंद पडली. दुसरं कोणी असतं तर थांबलं असतं. उत्तरा म्हणाली, "त्यात काय, माझा मिक्सर आहे ना!" लग्नात मिळालेला, कपड्यांच्या घड्यांत गुंडाळून आणलेला आणि इथल्या विजेसाठी वेगळा ट्रान्सफॉर्मर लावून चालणारा मिक्सर. त्याच्यावर तिचा देवापेक्षा जास्त भरवसा. तिनं सुकं भांडं दोनदा धुतलं, पुसलं, आधी लेस्टरचा मका फिरवला आणि मग बाकीचे दोन.

मका आंबला, गळला. भट्टीतल्या लांब टेबलावर पाण्यासारखी स्वच्छ दारू भरलेले प्याले मांडले गेले. कुठला कोणाचा, हे फक्त प्याल्याच्या बुडाशी लिहिलेलं. लेस्टर टोपी हातात धरून दाराशी उभा राहिला.

ग्रेटानं पहिला हुंगला, दुसरा हुंगला. तिसऱ्यापाशी थबकली.

"हा! लवंग आहे यात. आणि जंगलातल्या ओल्या झाडाच्या सालीसारखं काहीतरी."

प्याला वर उचलून बूड पाहिलं. लेस्टर!

"माझ्या आजोबांनी ते शेत साफ केलं तेव्हा तिथं जंगलच होतं," लेस्टर म्हणाला.

उत्तराच्या अंगावर काटा आला. मातीला खरंच एवढी आठवण असते? चिकण माती, सावकाश पिकलेला दाणा... तिच्या डोक्यात अख्खा शोधनिबंध धावायला लागला. तिनं प्याला ओढून घेतला. लवंग होतीच, आणि ओली सालही. पण ही साल कुठंतरी भेटलेली आहे... दगडफूल? मिशिगनच्या मक्यात दगडफूल कुठून आलं?

"आणि शेवटी काहीतरी भाजलेलं गोडसर येतंय," ग्रेटा म्हणाली. "नारळ?"

उत्तरानं प्याला खाली ठेवला.

"एक मिनिट. मी एक फोन करते."

सत्यजितनं मीटिंगमधूनच कुजबुजत फोन घेतला. "बोल पटकन."

"मिक्सरच्या सुक्या भांड्यात तू शेवटचं काय केलं होतंस?"

"गोडा मसाला. तूच तर म्हणालीस, संपलाय. का गं?"

"भांडं तर मी धुतलं होतं रे!"

"झाकणातलं रबर काढून धुतलंस का?"

तिनं फोन ठेवला. लेस्टर अजून तो प्याला उजेडात धरून बघत होता. क्षणभर तिला वाटलं, राहू दे. कोणाला कळणार आहे? पण मग लेस्टरच्या पिंपात दरवर्षी चिमूटभर गोडा मसाला टाकावा लागेल, या विचारानं तिलाच हसू फुटलं, आणि हसता हसता रडूही.

"लेस्टर, हे तुझं शेत नाही. हे माझं स्वयंपाकघर आहे."

सगळं ऐकून ग्रेटा इतकी हसली, की तिला खुर्ची घ्यावी लागली. लेस्टर हसला नाही. त्यानं टोपी घातली. "बरं झालं बोललीस," एवढंच म्हणाला आणि निघाला.

"ग्रेटा, अजून एकदा," उत्तरा म्हणाली. "चक्की दुरुस्त होऊ दे. तुझी चक्की, तुझे हात. मी शिवणारसुद्धा नाही."

"आणि तेव्हाही काही नाही निघालं तर?"

"तर विषय बंद. पण आत्ता आपल्याला काहीच कळलेलं नाहीये. लेस्टरचा मका आपण अजून चाखलेलाच नाही!"

चक्की दुरुस्त झाल्यावर मका ग्रेटानंच दळला, आणि या वेळी परीक्षाच कडक ठेवली. समोर तीन प्याले; दोन दुसऱ्याच्या मक्याचे, अगदी सारखे, आणि एक लेस्टरचा. वेगळा कोणता ते सांगायचं, आणि एकदाच नव्हे, प्याले हलवून पुन्हा पुन्हा. लवंग नव्हती, साल नव्हती. पहिल्या फेरीला उत्तराला तिन्ही एकसारखेच वाटले. ती बाहेर बर्फात जाऊन उभी राहिली, नाक मोकळं करून आली आणि पुन्हा बसली.

"हा," ती म्हणाली.

"हा," ग्रेटाही म्हणाली. बोट त्याच प्याल्याकडे.

प्याले हलले. पुन्हा तोच. पुन्हा हलले. एकदा ग्रेटा चुकली, उत्तरा नाही. ग्रेटानं बूड पाहिलं, लेस्टरचंच नाव, आणि प्याला पुन्हा नाकाशी नेला.

"पण वास कसला आहे हा? मला शब्दच सापडत नाहीये."

"कणीस सालीसकट निखाऱ्यावर टाकलं, की आधी बाहेरचं हिरवं पान करपतं बघ. कणसाचा नाही, त्या पानाचा," उत्तरा म्हणाली.

दाराशी लेस्टर खाकरला. या वेळी तो टोपी घालूनच आला होता. "माझ्याकडे कापणीपर्यंत पानं हिरवीच असतात. खालच्या अंगाला पाणी साचतं ना."

ग्रेटानं उसासा टाकला. "दरवर्षी एक पिंप. पण ऐक, लाकूड त्याला गिळून टाकेल. चार वर्षांनी उघडू तेव्हा हे पान शिल्लक असेल की नाही, मी सांगू शकत नाही."

"मीही नाही," उत्तरा म्हणाली. "तेच तर बघायचंय!"

लेस्टरनं भिंतीशी ठेवलेल्या आपल्या कोऱ्या पिंपावर एकदा हात ठेवला आणि लगेच काढून घेतला, चटका बसल्यासारखा. मग तो गाडीकडे निघाला. उत्तरा कोट चढवत त्याच्या मागे धावली.

"लेस्टर, खालच्या अंगाला पाणी साचतं म्हणालास. म्हणजे वरच्या अंगाचा मका वेगळा असणार ना? यंदा दोन्ही वेगवेगळे कापशील?"

"नाही!" आतून ग्रेटा ओरडली. "उत्तरा, एकच पिंप म्हणाले मी!"

"कापीन," लेस्टर हळूच म्हणाला. "चल, बस गाडीत. कुठवर पाणी येतं ते दाखवतो."