तागेराव आणि घरात घुसलेला सेल्समन

तागेरावांना एक खरं नावही होतं, पण ते आता फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं. कापडाच्या दुकानात बत्तीस वर्षं तागे उलगडून उलगडून माणसाचा तागेरावच झाला. पडद्याचं कापड, कोटाचं कापड, चादरी, अस्तर, काय वाटेल ते मागा. गिऱ्हाईक दारातून आत येऊन छत्री मिटेपर्यंत यांनी ओळखलेलं असायचं की बाई मागणार निळा आणि नेणार करडा. समोरच्याची नजर कुठे अडकते एवढंच ते बघायचे. तोंडावर विश्वास ठेवणारा माणूस या धंद्यात उपाशी मरतो, असं त्यांचं स्पष्ट मत होतं.

आणि अशा या पट्टीच्या सेल्समनची बायको मरायला टेकली, तरी यांना पत्ता नाही! आहे की नाही कमाल?

म्हणजे, मरायला टेकली हे तिचं म्हणणं. सगळी बिल्डिंग तिला काकू म्हणायची. एका रविवारी सकाळी काकूंनी नवऱ्यासमोर चहा ठेवला आणि म्हणाल्या, "अहो, माझ्याकडे तीन महिने आहेत. फार तर साडेतीन."

"कशाला?" तागेरावांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं. त्यांना वाटलं, मिक्सरच्या गॅरंटीचं चाललंय.

झालं होतं असं. लेकीने काकूंना नवा फोन घेऊन दिला होता. त्यात एके दिवशी एक जीभ दिसली. 'तुमची जीभ अशी दिसते का? सावध!' काकूंनी आरशात जीभ काढून बघितली, तर हुबेहूब तशीच. आता जीभ कुणाचीही काढा, ती जिभेसारखीच दिसणार; पण हे काकूंना कोण सांगणार? दुसऱ्या दिवशी फोनने दहा जिभा दाखवल्या. मग यकृत आलं, मग मूत्रपिंड आलं, आणि पंधरवड्यात गाडी थेट अशा एका आजारावर पोचली, जो म्हणे जगात फक्त अकरा जणांना झालाय. काकू बाराव्या.

डॉक्टरांनी तपासलं, रक्त काढलं, आणि हसून सांगितलं, "काकू, तुमची तब्येत माझ्यापेक्षा ठणठणीत आहे. नीट जेवा म्हणजे झालं."

जिना उतरताना काकू म्हणाल्या, "बिचारा. अजून पुस्तकंच वाचतोय."

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण काकूंनी खरंच जेवण सोडलं. वाटीभर सूप घ्यायच्या, तेही अर्धं ठेवायच्या. चार आठवड्यांत गालाची हाडं वर आली, मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकायला लागलं. नसलेल्या आजाराने ही बाई खरोखर हातची जाणार, हे दिसल्यावर तागेराव चांगलेच घाबरले.

काकू मात्र शांत होत्या. त्यांनी आवराआवरी सुरू केली. हिवाळ्याचा कोट खालच्या मजल्यावर दिला, शिवणयंत्र लेकीच्या नावाने चिठ्ठी लावून ठेवलं. मग उरला नवरा. त्याला असा उघड्यावर टाकून कसं जायचं? म्हणून त्यांनी दुकानातल्या कॅशियरबाईंना चहाला बोलावलं. बाई पन्नाशीच्या, एकट्या, स्वभावाने सरळ. काकूंनी त्यांना बिस्किटं दिली आणि यादी वाचायला घेतली. "यांना पंखा तीनवर लागतो. घोरतात, पण कुशीवर वळवलं की थांबतात. मोजे कुठे काढतील त्याचा नेम नाही. फ्रिजमध्येसुद्धा सापडलेत मला."

कॅशियरबाईंना जो ठसका लागला, तो थांबेना.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या त्या तागेरावांसमोर येऊन उभ्या राहिल्या. "तागेराव, काल तुमच्या घरी माझी मुलाखत झाली आणि मला न विचारताच मला पास केलंय. आधी त्या फोनचं काहीतरी करा."

"फोनचं काय करू? तो काय माझं ऐकतो?"

"अहो, आपण जिथे थांबतो ना, तसलंच तो आणखी आणतो. जिभेवर थांबलात की दहा जिभा. तिथेही थांबलात की शंभर. बाकीच्या गोष्टी तो समोर येऊच देत नाही."

तागेरावांच्या हातातला तागा तसाच घरंगळत काउंटरवरून खाली गेला. "म्हणजे हा तर आपल्यातलाच की हो! माल दाखवतोय!"

आणि मग त्यांचं डोकं असं फिरलं म्हणता! आपल्या घरात, आपल्या पलंगावर, आपल्याच बायकोसमोर कुणी दुसराच सेल्समन ठाण मांडून बसलाय, आणि नालायक दिवसभर एकाच रंगाचं कापड उलगडतोय! घसा बसत नाही मेल्याचा, पाय दुखत नाहीत, जेवायची सुट्टीही नाही. तागेरावांनी तिथल्या तिथे ठरवलं, याला याच्याच धंद्यात चीत करायचं.

काकू अंघोळीला गेल्या की वीस मिनिटं फोन पलंगावर मोकळा असायचा. तागेराव त्यावर झडप घालायचे आणि हसरं, खेळतं काहीतरी शोधायचे. त्यांना सापडल्या कोंबड्या. शिडी चढणाऱ्या कोंबड्या, घसरगुंडीवरून येणाऱ्या कोंबड्या, पियानोवर चोच मारणारी एक कोंबडी. पाच दिवस हा गृहस्थ दुकानाची वेळ चुकवून कोंबड्या बघत बसला. कामाला उशीर, मालकाची बोलणी, पण हा काही हटला नाही.

सहाव्या दिवशी संध्याकाळी काकू म्हणाल्या, "अहो, माझी मान जरा बघा. डावीकडे कलल्यासारखी वाटते का?"

"नाही. का?"

"कोंबड्यांना मानमोडी म्हणून एक आजार असतो. सुरुवात अश्शीच होते."

तागेरावांनी कपाळावर हात मारून घेतला. त्या चांडाळाने दोन्ही गिऱ्हाइकांचा मान राखला होता! नवऱ्याच्या कोंबड्या घेतल्या, बायकोचे आजार घेतले आणि सरळ कोंबड्यांचे आजार काढून दाखवले. तागेराव मग डोंगर चढणारे लोक बघायला लागले, तर काकूंना उंचावर गेल्यावर मेंदूला येणारी सूज कळली. तिसऱ्या मजल्यावर राहत असल्यामुळे त्यांनी बाल्कनीत जाणं बंद केलं. नाचणाऱ्या मुली बघितल्या, तर गुडघ्यांचे आजार आले. शेवटी तागेरावांनी हात टेकले.

पुढच्या रविवारी दुपारी काकू पलंगावर उशीला टेकून फोन बघत होत्या. तागेरावांना काहीच सुचेना. ते खुर्ची ओढून पलंगाजवळ बसले आणि, दुसरं काही येत नव्हतं म्हणून, बत्तीस वर्षं जे केलं तेच करायला लागले. फोनकडे बघायचं सोडून काकूंच्या डोळ्यांकडे बघत राहिले.

फोनवर कुणी डॉक्टर तक्ता दाखवून यकृत समजावत होता. काकूंचं बोट सर्रकन पुढे. लक्षणांची यादी आली. बोट पुढे. तागेराव सावरून बसले. हिला आजारात रस नाही की काय? मग एक बाई हॉस्पिटलच्या खाटेवर दिसली. तिच्या शेजारी कुणीतरी बसलं आणि विचारलं, "आज कसं वाटतंय?" काकूंचं बोट थांबलं. त्यांनी ते परत बघितलं. पुढे एक म्हातारा आला, त्याला त्याचा मुलगा विचारत होता, पाणी देऊ का. बोट थांबलं. मग कोंबडीचा नंबर लागला. एका दाढीवाल्याने मान वाकडी झालेली कोंबडी मांडीवर घेतली होती आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत तो विचारत होता, "काय होतंय गं बाळा तुला?"

काकूंनी ते चार वेळा बघितलं. चौथ्यांदा त्यांचे डोळे भरून आले.

तागेरावांच्या सगळं लक्षात आलं. हा फोनमधला सेल्समन अगदीच कच्चा निघाला. बाईंनी तांबड्या कापडाला हात लावला की दहा तांबडे तागे काढायचे, एवढंच त्याला येत होतं. बाई रंग बघतायत की पोत, हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं. पण त्याला नावं ठेवून काय उपयोग? तो निदान ती कुठे थांबते ते बघत तरी होता. इथे आपण रोज दिवसभर बोलून बोलून घरी यायचो, तोंड बंद, समोर पेपर. कोंबडीलासुद्धा विचारणारं कुणीतरी होतं! तागेरावांना स्वतःची इतकी लाज वाटली की कान तापले.

दुकानात मिनिटाला शंभर शब्द बोलणाऱ्या या माणसाला आता दोन शब्द जुळवता येईनात. "तुला... कसं वाटतंय?"

काकूंनी दाराकडे वळून बघितलं, खोलीत कोण आलंय ते. "कुणाला?"

"तुला."

काकूंनी फोन ठेवला आणि त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला. "ताप तर नाही तुम्हाला. काय झालंय?"

"मला काही झालं नाही. तुला विचारतोय."

"मी बरी आहे," काकू म्हणाल्या.

'नुसतं बघतेय' म्हणणारं गिऱ्हाईक तागेरावांनी आयुष्यात कधी सोडलं नव्हतं. ते खुर्चीवरून हलले नाहीत. "आणि?"

काकू उशीला सरळ टेकून बसल्या. मग म्हणाल्या, "आणि काय? आपलं लग्न झालं त्या दिवशी गाडीत तुम्ही माझ्याशी एक अक्षर बोलला नाहीत, आठवतंय? मी तेव्हाच मनात म्हटलं..." आणि जो बांध फुटला, तो फुटलाच. पहिल्या घराची गळकी मोरी, सासूबाईंनी मोडलेली तिची कपबशी, दिवाळखोर घरमालकाची भांडकुदळ बायको, नोकरी करायची राहून गेली ते, सगळं सालवार यायला लागलं. तागेराव हूं हूं करत होते, मधेच "अरेरे" म्हणत होते, आणि दोनदा खरोखर चुकलेच होते म्हणून "चुकलं माझं" असंही म्हणाले. तासाभराने बोलून बोलून काकूंना भूक लागली. त्यांनी लोणी लावून चार टोस्ट खाल्ले, वर तागेरावांच्या बशीतलाही एक उचलला. अंधार पडायला आला तेव्हा एकदाचा त्यांनी श्वास घेतला.

तागेरावांनी भीत भीत विचारलं, "मग ते... तीन महिन्यांचं काय करायचं?"

"तीन महिन्यांत कसं आटपेल?" काकू चिडूनच म्हणाल्या. "अजून तुमच्या बहिणीच्या लग्नापर्यंतच तर आलेय मी!"