सावलीचा पुरावा

माझ्या बायकोच्या मामांइतका एका जागी न टिकणारा माणूस अख्ख्या संभाजीनगरात सापडायचा नाही. चहाचा पहिला घोट ते आमच्या स्वयंपाकघरात घेतात, दुसरा गॅलरीत आणि उरलेला जिन्यात. तीसेक वर्षं त्यांनी मुंबईत शूटिंगच्या वेळी लांब दांड्याला लावलेला माइक नटांच्या डोक्यावर धरला. नट सरकला की आपण सरकायचं, हे पायांत इतकं मुरलंय की माझ्याशी बोलतानाही ते माझ्याभोवती फिरतात. दौलताबादच्या किल्ल्यात तर त्यांनी गाइडलाच थांबवलं होतं, "ओ साहेब, जरा डावीकडं व्हा, आवाज लई घुमायलाय."

अशा माणसाला ऐकू येईनासं झालं. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही, नुसतं फिरणं वाढवलं. मग गुलमंडीत मागून आलेल्या रिक्षाचा हॉर्न ऐकू आला नाही आणि मामा गुडघा फोडून घरी आले. बायको रडकुंडीला आली. सिनेमातल्या जुन्या कामगारांना औषधपाण्याला मदत करणारी एक संस्था मी शोधून काढली, तर मामा श्रवणयंत्राच्या अर्जाला हात लावेनात. "जन्मभर काम केलंय, जावईबापू. हात पसरायचा नाय."

"मामा, तुमच्याच लोकांनी तुमच्यासाठी जमवलाय हा निधी!" हे मला तीनदा ओरडून सांगावं लागलं. तिसऱ्यांदा समोरच्या बिल्डिंगलाही पटलं असावं.

शेवटी अर्ज गेला, तर संस्थेनं कामाचा पुरावा मागितला. मामांचं नाव एकाही सिनेमाच्या टायटल्समध्ये नव्हतं. येरझाऱ्या घालता घालता ते एकदम थबकले. "एका सिनेमात हिरोइन रडायली, तर मागं भिंतीवर माइकची सावली दिसती. ती माझी!"

मी तेच लिहून कळवलं. संस्थेतल्या बाईंनी त्या सिनेमाच्या म्हाताऱ्या साउंड रेकॉर्डिस्टना विचारलं. ते म्हणाले म्हणे, "त्या सावलीपायी त्याला सगळ्या युनिटसमोर मीच झापलं होतं. द्या त्याला यंत्र."

श्रवणयंत्र आलं त्या दुपारी मामा ते कानात घालून घरभर हिंडत होते. बायकोनं स्वयंपाकघरातून हाक मारली, "मामा, भाकरी वाढू का?"

मामा दारात येऊन उभे राहिले. "परत बोल."

"भाकरी वाढू का?"

"तुझा आवाज ताईसारखा कधी झाला गं?"

ताई म्हणजे त्यांची बहीण, माझ्या सासूबाई. त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती.

"काय बी बोल," मामा म्हणाले. "थांबू नको."

मग ती भाजीचे भाव सांगू लागली, शेजारणीचं भांडण सांगू लागली, गॅस कधी संपला तेही सांगू लागली. मामा चौकटीला टेकून, डोळे मिटून ऐकत राहिले. तव्यावरची भाकरी करपली. तरी बायको बोलतच राहिली.