साबणाचा फेस

धुळ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी शेगड्या दुरुस्त करणारा एक माणूस बसतो. येता-जाता बोलतो, पण नाव कधी विचारलं नाही. तो मला भाऊ म्हणतो, मी त्याला मिस्त्री.

निवृत्तीनंतर फिरायला म्हणून टेम्पोत ओटा आणि पलंग करून घेतला, तेव्हा दोन सिलिंडर जोडायला त्यालाच बोलावलं. एक संपला की आपोआप दुसऱ्यावर जाणारी कळ मी हौसेनं आणली होती. ती त्यानं परत करायला लावली आणि हातानं फिरवायची आणायला सांगितली. "हाते फिरवानी लई या, भाऊ. एक सरना, हाई समजाले पाहिजे."

सिलिंडर पलंगाखाली ठेवू म्हटलं, तर त्यानं ते उचलून बाहेर नेले. मागे फक्त बाहेरून उघडणारा बंद कप्पा केला आणि त्याच्या तळाला, माझ्या कोऱ्या पत्र्याला, भोकं पाडली. माझा जीव कळवळला. "गॅस जड शे, खाले बसस. तेले वाट द्या."

मग प्रत्येक जोडावर ब्रशनं साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का, ते बघत बसला. एकदा, दोनदा, तीनदा. मी वैतागलो. "अहो मिस्त्री, गळला तर वास येईलच की!"

तेवढ्यात घरात दूध करपलं. वास अंगणापर्यंत आला, मी धावत जाऊन शेगडी बंद केली. परतलो तर तो तसाच फेसाकडे बघत होता.

"एवढं दूध करपलं, तुम्हाला वास नाही आला?"

"माले करोनापासून वासच येत नही, भाऊ," तो शांतपणे म्हणाला आणि चौथ्यांदा ब्रश बुडवला.

मी गुडघे टेकून त्याच्या शेजारी फेस बघत बसलो.