'बिजली' नंबर चाळीस

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर वाद नको. मी भौतिकशास्त्र शिकवते. नेकनूरला, अकरावी-बारावीला, गेली एकोणीस वर्षं. अंगात येणं, नजर लागणं, लिंबू-मिरची... या सगळ्याची मी वर्गात भरपूर थट्टा केलेली आहे. या सदरातले अनुभवसुद्धा मी मनात लाल पेन धरूनच वाचते. त्यामुळे स्वतःचा अनुभव इथे लिहायची वेळ आली याचं सगळ्यात जास्त हसू मलाच येतंय. पण जे झालं ते भर दुपारी झालं आणि तीन माणसांनी ऐकलं.

मला नाद आहे एका इलेक्ट्रिक गिटारचा. 'बिजली' तिचं नाव. तुम्ही ऐकलं नसणार, कारण ती मुंबई-पुण्याची नाही. वडवणी तालुक्यातल्या एका गावात सुतारांच्या सहकारी संस्थेने ती बनवली. हो, बैलगाड्या आणि खाटा करणाऱ्या माणसांनी! तेव्हा गावोगाव ऑर्केस्ट्रे आणि बँजो पार्ट्या निघत होत्या, बाहेरची गिटार कुणाला परवडायची नाही. या लोकांनी एक जुनी गिटार उघडून पाहिली आणि तशी करायला घेतली. तारांचं कंपन पकडणाऱ्या पिकअपची कॉइल मोटार वाइंडिंगवाला गुंडाळून द्यायचा. पहिल्या वीस गिटारी सागवानी आहेत, नंतरच्या आंब्याच्या — कारण मधे दुष्काळ पडला आणि आमराया उभ्याच्या उभ्या वाळल्या. मग ऊस नाही म्हणून जवळच्या माळावरचा साखर कारखाना बंद झाला, आणि त्याच्या मागोमाग संस्थाही. एकूण चाळीस 'बिजल्या' झाल्या. प्रत्येकीच्या मानेमागच्या पट्टीवर नंबर ठोकलेला आहे.

माझे वडील नंबर अकरा वाजवायचे. ते गेल्यावर मी ठरवलं, चाळीसच्या चाळीस शोधायच्या. फोटो, मापं, लाकूड, कोणी बनवली, कोणी वाजवली, सगळं लिहून पुस्तक काढायचं. "हिला वेड लागलंय," असं नवऱ्याने जाहीर करून टाकलं. सहा वर्षं लागली. एक भजनी मंडळात निघाली, एकीवर कोंबड्या बसायच्या, एक गोठ्याच्या दाराला टेकण म्हणून लावलेली होती! तर अशा एकोणचाळीस सापडल्या. त्यातल्या नऊ माझ्या घरात आहेत.

चाळिसावी काही मिळेना. संस्थेच्या शेवटच्या अहवालात तिच्याबद्दल एवढंच होतं — 'चोरीस गेली'. मी तेच शब्द पुस्तकाच्या कच्च्या मजकुरात उतरवले. शनिवार होता तो.

रविवारी दुपारी बाराला माझ्या घरातल्या नऊच्या नऊ गिटारींची जाडी तार घुमली. एकदम. कोणी हात लावलेला नाही, अँप्लिफायर जोडलेला नाही. बारीक, पण स्पष्ट... अर्धा मिनिट असेल. मी म्हटलं, पाणबुडी पंप. सोमवारी फोन रेकॉर्डिंगला लावून कॉलेजला गेले. पुन्हा बरोबर बाराला. मग मी पिच्छाच पुरवला. पंप, गिरणी, पंखे, रस्त्यावरचा रोलर, सगळं तपासलं. एका गिटारची तार थोडी ताणून पाहिली, तर तेवढीच गप्प बसली. पुन्हा पूर्वीच्या सुरात आणली, तर घुमली. या सगळ्या गिटारी मला नेहमीच्या सुराहून किंचित खाली लावलेल्या मिळाल्या होत्या आणि मी त्या तशाच ठेवल्या होत्या. का खाली, ते मला माहीत नव्हतं. शनिवारचं ते वाक्य आणि रविवारचा आवाज यांचा संबंध मी जोडत नाही. फक्त नोंद करतेय.

पुढच्याच आठवड्यात एक म्हातारी दारात आली.

"गिटारीचं पुस्तक लिवणाऱ्या मॅडम तुमीच का?"

"हो. या ना मावशी, बसा."

"बसायला न्हाई आले. दत्तोबा सुताराची बायको हाय मी, कौसाबाई. हितं लेकीकडं ऱ्हाते. त्येच्याबद्दल काय लिवलंय तुमी?"

मग उभ्याउभ्याच त्यांनी सगळं सांगितलं. चाळिसावी दत्तोबांनी बनवली होती आणि संस्थेच्या शेडची किल्ली त्यांच्याकडे असायची. गिटार गायब झाल्यावर वडवणीच्या बाजारात, चारचौघांत, त्यांना चोर म्हटलं गेलं. नवरा-बायको ऊसतोडीला निघून गेले ते गावात राहायला परत आलेच नाहीत. रंधा चालवणाऱ्या माणसाने हातात कोयता धरला, आणि दत्तोबा तिकडेच वारले.

"छापल्यावर पुसता येतंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग आदी हुडका. मग छापा."

मला मनापासून लाज वाटली. संस्थेच्या कागदावर आहेत म्हणून ते दोन शब्द उतरवून मी एका माणसाला पुन्हा चोर ठरवून मोकळी झाले होते! त्याच क्षणी ठरवलं, चाळीस नंबर सापडल्याशिवाय पुस्तक नाही. मग वर्ष लागो की दहा.

जाताना त्यांची नजर भिंतीवरच्या गिटारींकडे गेली. जवळ जाऊन त्यांनी एक जाडी तार छेडली आणि पहिल्यांदाच हसल्या. "भोंग्यावर लावल्यात की अजून!"

"म्हणजे?"

"सूर लावायची पेटी कुणाकडं व्हती? कारखान्याचा बाराचा भोंगा झाला की जाडी तार आपली आपण बोलली पायजे. बोलली तर गिटार पास. मी डबा घेऊन जायचे तवा शेडमदी साऱ्या एकदम घुमायच्या. लई ग्वाड वाटायचं."

याला आम्ही अनुनाद म्हणतो. एका वस्तूचं कंपन दुसऱ्या, त्याच सुरातल्या वस्तूने उचलणं. दरवर्षी शिकवते मी. अडचण एवढीच, की तो कारखाना बंद पडून कित्येक वर्षं झाली, भोंग्यासकट सगळं भंगारात गेलं, आणि चालू होता तेव्हाही त्याचा आवाज नेकनूरला कधी पोचला नव्हता. मी मावशींना यातलं काही सांगितलं नाही, पण त्या गेल्यावर रेकॉर्डिंग पुन्हा लावून ऐकलं.

तीन महिने जुनी माणसं शोधत हिंडले. शेवटी संस्थेचे त्या वेळचे सचिव सोपानराव उमापूरला सापडले. फोनवर म्हणाले, काही आठवत नाही. मी म्हटलं, मी तरी येते. मावशी म्हणाल्या, मी बी येते. आठवण यायला मदत होईल म्हणून मी नंबर अकरा सोबत घेतली आणि आम्ही दोघी एसटीने बीड, गेवराई करत उमापूरला पोचलो.

मोठं घर, जाणतं माणूस. सोपानरावांनी आदराने बसवलं, चहा मागवला. पण मावशींकडे काही बघेनात.

"लई जुनी गोष्ट हाय, मॅडम. दुष्काळात कुणाचं काय गेलं, कोण बघतंय? गेली ती गेली."

हे ते म्हणाले आणि माझ्या मांडीवरच्या नंबर अकराची तार घुमली. समोरच्या घड्याळात बारा. मी घाबरून तारेवर पंजा दाबला. तार थांबली...

आवाज थांबला नाही. तोच सूर, जरा घोगरा, माळ्यावरून येत होता.

मावशींनी वर पाहिलं. "दादा, वर काय हाय?"

सोपानरावांच्या बशीतला चहा धोतरावर सांडला. "पत्रा... पत्रा तापला की वाजतो."

"पत्रा असा सुरात वाजत नाही," मी म्हटलं. "तुम्ही चढता, की मी चढू?"

तेवढ्यात आवाज बंद पडला. सोपानरावांनी कपबशी खाली ठेवली. मग त्यांनीच सांगितलं. "औरंगाबादच्या प्रदर्शनाला मीच नेलती. नोंद आल्यावर करू म्हणलं. सहकारात आमचं सगळं असंच, आदी काम, मग कागुद. परत आलो तर संस्थेला कुलूप, अहवालात माझ्यामागं कुणी 'चोरीस गेली' लिवलेलं, अन् बाजारात दत्तोबाचं नाव झालेलं. उद्या सांगू म्हणलं. उद्याचा म्हैना झाला... मग जीभच उचलली न्हाई, वैनी."

मला भयंकर संताप आला. मी काहीतरी बोलणार होते, पण मावशींनी माझा हात धरला. त्या एवढंच म्हणाल्या, "जिथं त्येला चोर म्हणले, तिथं येऊन सांगायचं. बाजारच्या दिवशी."

गिटार पोत्यात गुंडाळलेली होती. पट्टीवर चाळीस. तारा गंजून लाल झालेल्या. मी जाडी तार छेडून पाहिली, तर नुसतं ठक्क झालं. सूर निघण्यासारखी तिची अवस्थाच नव्हती.

आता तुम्ही सुचवाल ते सगळं मी करून बसले आहे. उमापूरला पुन्हा जाऊन पंप, गिरणी, मोबाइल टॉवर पाहिले. घरी केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये तारा ऐकू येतात, दुसरं काहीच नाही. आणि त्या दिवसापासून माझ्या घरातली एकही तार बाराला घुमलेली नाही. म्हणजे प्रयोग पुन्हा करायची सोयही राहिली नाही. कारणाशिवाय उत्तर लिहिणाऱ्या पोराला मी शून्य देते. इथे मलाही शून्यच. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "कावून वाजलं ते तुमी बघा, मॅडम. मला त्यात पडायचं न्हाई."

सोपानराव आले. वडवणीच्या बाजारात, भाजीवाल्यांच्या ओळीशेजारी उभं राहून, मोठ्याने बोलले. दत्तोबांचं पूर्ण नाव घेतलं आणि हात जोडले. माणसं जमली, कुजबुजली, मग पांगली. मावशी होत्या तिथेच उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांनी या बाजारात आलेल्या, कुठे जावं हे त्यांना कळेना.

तेवढ्यात शेवग्याच्या शेंगा विकणाऱ्या त्यांच्याच वयाच्या एका बाईने आपल्या पोत्यावरची जागा हाताने झटकली.

"कौसे," ती म्हणाली, "उभी कावून? बस की गं."

मावशी तिच्याशेजारी बसल्या आणि पदर तोंडाला लावून ओक्साबोक्शी रडल्या.