अपलोडचा रिकामा रकाना

आमच्या ॲपचं शुक्रवारचं रिलीज थांबलं. काल दुपारी मॅनेजर निखिलनं स्वतःच तसा मेल टाकला... दोन ओळींचा, खाली 'रिगार्ड्स'सुद्धा नाही. थांबवलं मी, म्हणून काय झालं तेही मीच लिहिते.

मी टेस्टर आहे, इथंच संभाजीनगरात. सध्याचं ॲप आशाताईंसाठी, म्हणजे गावोगावच्या आशा स्वयंसेविकांसाठी आहे. गरोदर बायकांच्या घरी जायचं, वजन, बीपी, हिमोग्लोबिन मोबाइलवर भरायचं आणि पाठवायचं. ते बघून कुणाला तातडीनं बोलवायचं, हे डॉक्टर ठरवणार. ॲप सुरू झालं की कागदी रजिस्टर बंद.

वाड्यावस्त्यांवर नेट कसं असतं ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणून आमच्याकडे एक टूल आहे, ते ऑफिसातल्या पळत्या नेटला मुद्दाम लंगडं करतं. स्पीड किती, उशीर किती, वाटेत किती डेटा हरवायचा... सगळं सेटिंगमध्ये भरायचं.

टीममध्ये 'रूरल' नावाचं एक तयार प्रोफाइल, म्हणजे आधीच भरून ठेवलेलं सेटिंग आहे. कुणीतरी, कधीतरी बनवलेलं. सगळे तेच निवडतात, रन करतात, 'पास' लिहितात. दोन वर्षं मीही तेच केलं. उघडून एकदाही बघितलं नाही.

मागच्या गुरुवारी ॲप दाखवायला पडेगावच्या पुढं एका वस्तीवर गेले होते. तिथल्या आशाताईंनी, शोभाताई त्यांचं नाव, दोन घरांच्या नोंदी भरल्या. दोन्हींवर हिरवी टिक आली. ऑफिसात येऊन सर्व्हर बघितला, तर नोंद एकच!

शोभाताईंना फोन केला. म्हणाल्या, “मॅडम, टिक आली म्हंजी मी झालं समजते. उद्या नोंद नाय दिसली तर मलाच इचारतील ना, गेलीच न्हवतीस का म्हून. अन् त्या दुसऱ्या पोरीचं रक्त सातच हाय. तिचं काय?”

हरवलेली नोंद त्या हिमोग्लोबिन सात असलेल्या पोरीचीच होती. त्या दिवशी रजिस्टर होतं म्हणून निभावलं...

शुक्रवारी सकाळी मी 'रूरल' पहिल्यांदा उघडलं. डाउनलोड हळू, उशीर ठीक. पण अपलोडचा रकाना रिकामा, आणि या टूलमध्ये रिकामा म्हणजे 'मर्यादा नाही'. वाटेत हरवणारा डेटा, शून्य. म्हणजे आमच्या गावात माहिती खाली बैलगाडीनं येते आणि वर विमानानं जाते! आशाताईंचं तर सगळं काम वर पाठवायचंच.

शेजारचा डेव्हलपर इम्रान वाकून बघत म्हणाला, “मॅडम, ये तो गाव नै, अमेरिका है.”

शनिवारी पुन्हा वस्तीवर गेले. शोभाताईंबरोबर दारोदार फिरले, प्रत्येक दारात नेट मोजून वहीत लिहिलं. टेकाडाआडच्या घरांत वीस-वीस सेकंद नेट गायबच होतं.

सोमवारी ते आकडे सेटिंगमध्ये भरले. अपलोडचाही, हरवणाऱ्या डेटाचाही, मधेमधे तुटणाऱ्या नेटचाही. रन केलं. चाळीस नोंदी पाठवल्या, एकतीस पोचल्या. हिरव्या टिक मात्र चाळीस.

निखिल पुण्याहून कॉलवर आला. “ताई, एवढं वाईट नेट असतं कुठं? नेहमीचं प्रोफाइल लावा ना. क्लायंटला तारीख दिलीय.” कॉलवर कुणीतरी हसलं, “ताई ॲप टेस्ट करतायत का डोंगर?”

म्हटलं, “डोंगर काही हलणार नाही. ॲपच बदलावं लागेल.”

निखिल चिडला. “मग टेस्टच्या फॉर्मवर तुमच्याऐवजी मी सही करू का?” म्हटलं, “करा की. खाली तुमचं नाव येईल, एवढंच.” त्यानं केली नाही.

तारीख म्हणजे काय ते मलाही कळतं. पंधरा वर्षं तारखांवरच नोकरी केलीय आणि माझ्यामुळे याआधी एकही चुकली नव्हती. पण फॉर्मवर 'ग्रामीण नेटवर्क: पास' लिहायचं होतं आणि ते खोटं होतं. मी 'फेल' लिहिलं, नऊ हरवलेल्या नोंदी जोडल्या आणि मेल निखिलबरोबर क्लायंटलाही पाठवला. मी स्वतः दोन वर्षं कुठल्या प्रोफाइलवर 'पास' लिहीत होते, तेही त्यात लिहिलं.

काल निखिलचा मेल आला, आणि तासाभरात क्लायंटचाही. ॲप तपासून होईपर्यंत रजिस्टर चालूच राहील, असं त्यांनी कळवलंय. शोभाताईंना सांगितलं तर म्हणाल्या, “लई बरं झालं.” उन्हात माझ्याबरोबर दारोदार फिरल्याबद्दल त्यांचे आभार मी आधीच मानायला हवे होते. इथं मानते.

आता इम्रान कोड बदलतोय. सर्व्हरनं 'मिळालं' म्हटल्याशिवाय टिक हिरवी होणार नाही, तोवर नोंद फोनमध्ये थांबेल आणि ॲप ती पुन्हा पुन्हा पाठवत राहील. ॲपचं नवीन बिल्ड, म्हणजे बदललेली आवृत्ती, सोमवारी येतंय. मी वस्तीच्याच सेटिंगवर पुन्हा चाळीस नोंदी पाठवणार आहे. एकोणचाळीस पोचल्या, तरी फॉर्मवर 'फेल'च लिहीन.